संत तोरिबियो ह्यांची डोंगरयात्रा

आपल्या देवमंदिराच्या महोत्सवानिमित्त हे पुस्तक काढावयाचे ठरले, तेव्हा जुन्या वह्या चाळण्याचे काम आमच्या वाट्यास आले. स्नानसंस्कारांच्या, लग्नांच्या आणि मृतांच्या त्या वह्या. कडा वाळवीने कुरतडलेल्या, शाई कोठे तपकिरी तर कोठे दिसेनाशी झालेली. मधूनच एखाद्या पानाखाली वेगळ्या हाताची ठसठशीत सही आढळते. बिशप धर्मभेटीस आले होते आणि त्यांनी वही तपासली, एवढेच तिचे सांगणे. ज्या दिवशी ती सही झाली त्या दिवशी गावात केळीचे खांब आणि आंब्याची तोरणे लागली असतील, बाजा वाजला असेल, दृढीकरणासाठी मुले रांगेने उभी राहिली असतील, आणि कोणाच्या तरी खुराड्यातील कोंबड्या कमी झाल्या असतील. वहीत त्यापैकी कशाचीच नोंद नाही.

ह्या सह्या पाहता पाहता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. थोर अधिकाऱ्याच्या भेटीचा लहान गावास नेमका लाभ काय, आणि त्या लाभाची किंमत कोण देतो? प्रश्न उद्धटपणाचा वाटेल. परंतु चारशेहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका राजप्रतिनिधीने एका आर्चबिशपांविषयी खुद्द राजास लिहून कळविला होता. त्या आर्चबिशपांस पुढे पवित्र सभेने संत म्हणून जाहीर केले. त्यांची हकीकत मराठीत आमच्या तरी वाचनात आलेली नाही, म्हणून आपल्या गावाच्या इतिहासाशेजारी ती येथे देत आहो.

देश पेरू, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. समुद्रालगत वाळवंटाची अरुंद पट्टी, आणि तिच्या मागे अँडीज पर्वताची भिंत. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे 5,400 फूट उंच, आणि त्यावर चढलेला माणूस चार दिवस त्याची गोष्ट सांगतो. अँडीजमध्ये त्याच्या दीडपट उंचीवर गावे वसली आहेत व बटाट्याची शेते पिकत आहेत. आणि खिंडी 15,000 फुटांपर्यंत जातात. खोऱ्याखोऱ्यातून नद्या इतक्या खोल वाहतात की, समोरच्या डोंगरावरील गावातला धूर दिसतो, पण तेथे पोहोचावयास दिवस मोडतो.

ह्या देशावर इन्का राजांचे राज्य होते. 1532 मध्ये काहामार्का ह्या डोंगरी गावी स्पेनच्या पिझारोने इन्का राजा अताहुआल्पा ह्यास पकडले आणि ते राज्य मोडले. पिझारोने 1535 मध्ये समुद्राजवळ लिमा शहर वसविले व त्यास राजांचे नगर असे नाव दिले. पुढे 1570 नंतरच्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो ह्याने डोंगरांत विखुरलेल्या वस्त्या मोडून दहा लाखांहून अधिक माणसांस नव्या, आखीव गावांत आणून बसविले. मधोमध चौक, चौकाच्या एका अंगास देवमंदिर, सरळ गल्ल्या. करवसुलीस आणि धर्मशिक्षणास हे सोयीचे झाले. ज्यांची शेते आणि पूर्वजांच्या कबरी दोन डोंगरांपलीकडे राहिल्या त्यांस ते किती सोयीचे झाले, हे कोणी विचारले नाही. गावावर जहागीरदार होता, त्यास खंडणी. जिल्ह्यावर कोरेजिदोर नावाचा अंमलदार होता, त्याचा व्यापार. खाणींस व कारखान्यांस पाळीपाळीने माणसे पुरवावयाची ती वेठ निराळीच. गावचा धर्मगुरूही कधीकधी ह्याच साखळीतील एक कडी असे. आपण काथलिक आहो म्हणून हे लपविण्याचे कारण नाही. ज्यांनी त्याविरुद्ध ठराव केले तेही काथलिकच होते.

लिमाचे पहिले आर्चबिशप लोआइसा 1575 मध्ये वारले, आणि गादी सहा वर्षे रिकामी राहिली. तिच्यावर नेमणूक झाली ती एका कायदेपंडिताची. तोरिबियो अल्फोन्सो दे मोग्रोवेहो ह्यांचा जन्म 1538 मध्ये स्पेनमधील मायोर्गा गावी झाला. वाय्यादोलिद व सालामांका येथे शिक्षण झाले. ग्रानाडा शहरी ते धर्मन्यायालयाचे न्यायाधीश होते. 1579 मध्ये त्यांची आर्चबिशपपदी निवड झाली तेव्हा ते धर्मगुरूही नव्हते! एकेक दीक्षा घेत त्यांनी पायऱ्या चढल्या, 1580 मध्ये सेव्हिल येथे बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला, आणि मे 1581 मध्ये ते लिमात दाखल झाले. वय सुमारे बेचाळीस वर्षांचे.

त्यांचे पहिले मोठे काम म्हणजे 1582 आणि 1583 ह्या दोन वर्षांत भरविलेली लिमाची तिसरी प्रांतिक धर्मसभा. दक्षिण अमेरिकेतील अनेक बिशप तीत जमले. भांडणेही पुष्कळ झाली. त्यांत आम्ही शिरत नाही. आमच्या विषयास लागणारे ठराव दोन. पहिला असा की, डोंगरी लोकांस त्यांच्याच भाषेत प्रार्थना व धर्मतत्त्वे शिकवावी; लॅटिन पाठ करण्याची सक्ती कोणावर करू नये. दुसरा असा की, धर्मगुरूने व्यापार करू नये, केल्यास सभेबाहेर टाकण्याची शिक्षा. दुसऱ्या ठरावाने एवढी खळबळ उडाली की त्याविरुद्ध माद्रिद आणि रोम येथे अपिले गेली, आणि ठरावांचा बचाव करण्यास होसे दे आकोस्ता ह्या येशूसंघीय धर्मगुरूस युरोपात जावे लागले. रोमची मान्यता 1588 मध्ये मिळाली.

पहिल्या ठरावाचे फळ म्हणजे स्पॅनिश, केचुआ आणि आयमारा ह्या तीन भाषांतील धर्मशिक्षणाचे पुस्तक. ते 1584 मध्ये लिमात छापले गेले. दक्षिण अमेरिकेत छापलेले ते पहिले पुस्तक होय. मुद्रक आंतोनियो रिकार्दो हा इटालीचा. पुस्तकाची छपाई चालू असतानाच सरकारास एक चार पानी फर्मान तातडीने छापून हवे झाले, कारण पोप ग्रेगरी ह्यांच्या नव्या पंचांगामुळे वर्षातील दहा दिवस गाळावयाचे होते. त्यामुळे फर्मान आधी बाहेर पडले. सरकारी कामास सर्वत्र पहिला मान!

येथे आम्हांस आपल्याकडील एक गोष्ट आठवते. ज्या 1579 साली तोरिबियो ह्यांची निवड झाली त्याच सालच्या ऑक्टोबरात फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले. साष्टी प्रांतात राहून ते लोकांची भाषा शिकले, आणि 1616 मध्ये राचोल येथे त्यांचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले. एकमेकांचे नावही कदाचित न ऐकलेले हे दोघे पुरुष पृथ्वीच्या दोन टोकांस एकच गोष्ट ओळखून होते. आणि दोन्हीकडे पुढे सरकारने उलट पाऊल टाकले: गोव्यात 1684 च्या हुकुमाने लोकभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावयास लागावे असे फर्माविले, आणि स्पेनच्या राजाने 1770 मध्ये अमेरिकेतील मूळ भाषा बंद पाडण्याची आज्ञा काढली. दोन्ही भाषा जिवंत आहेत. केचुआ भाषेस 1975 मध्ये पेरू सरकारने राज्यभाषेचा दर्जा दिला.

आता मुख्य हकीकतीकडे वळू. त्रेंत येथील महासभेने 1563 मध्ये असा नियम घातला होता की, बिशपाने आपला धर्मप्रांत दरवर्षी, आणि प्रांत मोठा असल्यास दोन वर्षांत एकदा, स्वतः फिरून पाहावा. त्याच नियमात पुढे असेही म्हटले आहे की, बरोबर नोकर व घोडी थोडी न्यावी, काम लवकर आटोपावे आणि गावावर भार घालू नये. कायदेपंडित असल्याने तोरिबियो ह्यांनी हा नियम नीट वाचला होता. परंतु लिमाचा प्रांत म्हणजे एखादे मोठे राज्यच. उत्तरेस लांबायेके, डोंगरांत काहामार्का व हुआनुको, आणि पर्वत ओलांडून पलीकडच्या अरण्याच्या तोंडाशी चाचापोयास आणि मोयोबाम्बा. दोन वर्षांत तो पाहून होणे शक्य नव्हते. 1584 मध्ये ते पहिल्या धर्मभेटीस निघाले, आणि तीत सहाहून अधिक वर्षे गेली. दुसरी भेट 1593 मध्ये सुरू झाली, तिसरी 1601 मध्ये, शेवटची 1605 मध्ये. पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीपैकी सुमारे सतरा वर्षे ते वाटेवर होते असा हिशेब चरित्रकार देतात.

वाट कशी होती ते ऐकण्यासारखे आहे. खेचरावर बसता येई तेथवर बसावयाचे, पुढे पायी. खोल दरीवर पूल असत ते गवताचे. डोंगरावर उगवणारे इचू नावाचे चिवट गवत पिळून दोर करावयाचे, दोरांचे जाड सोल वळावयाचे, आणि ते दोन्ही कड्यांस बांधून त्यावर काटक्या अंथरावयाच्या. मधोमध पूल पाळण्यासारखा हले. असा एक पूल कुस्को प्रांतात आजही आहे आणि शेजारची गावे दरवर्षी जून महिन्यात तो नव्याने विणतात. जेथे पूल नसे तेथे एका दोरावर टोपली अडकवून माणसास तीत बसवीत आणि पलीकडून ओढून घेत. आर्चबिशपही ह्याच मार्गाने पलीकडे जात.

उंचीचा त्रास निराळा. वर उल्लेखिलेले फादर आकोस्ता ह्यांनी पारियाकाका नावाची खिंड ओलांडली तेव्हा त्यांस इतक्या ओकाऱ्या झाल्या की, आता प्राण जातो असे वाटले. तेथील हवा फार विरळ व सूक्ष्म असून मनुष्याच्या श्वासास पुरत नाही, असे कारण त्यांनी 1590 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात दिले. ते पुढे शास्त्राने खरे ठरविले. कोकणातल्या किंवा वसईच्या माणसास दम म्हणजे काय हे जिना चढताना कळते. येथे तर निजलेल्या माणसासही दम लागतो.

अशा वाटेने जाऊन हे थोर गृहस्थ गावात काय करीत? प्रथम देवमंदिरात प्रार्थना. मग केचुआ भाषेत उपदेश. ती भाषा ते शिकले होते. मग दृढीकरण. हा संस्कार साधारणतः बिशपानेच द्यावयाचा असल्यामुळे, बिशप गेला नाही तर गाव त्याविना राहते. त्यांनी एकंदर किती लोकांस दृढीकरण दिले ह्याचे आकडे चरित्रांतून पाच लाखांपासून आठ लाखांपर्यंत दिलेले आढळतात. आम्हांस स्वतःस ह्या आकड्यांचे फारसे कौतुक वाटत नाही. आकडा मोठा होत गेला की माणूस दिसेनासा होतो.

त्याहून मोलाची वस्तू निराळी आहे. 1593 ते 1605 ह्या काळातील भेटींची नोंदवही जपून राहिली, आणि 2006 मध्ये ती लिमा येथे छापून प्रसिद्ध झाली. ह्या वहीत स्तुती नाही, चमत्कार नाहीत. अमुक गाव, तेथे धर्मगुरू कोण, त्यास वेतन किती, कर भरणारे पुरुष किती, म्हातारे किती, एकंदर माणसे किती, दृढीकरण किती जणांस दिले. गावाच्या हद्दीत लोकर विणण्याचा कारखाना आहे काय, मेंढवाडे कोणाचे, धर्मबंधूंचे संघ कोणते. पुढील गाव किती लीग दूर आणि वाट बरी की वाईट. एक लीग म्हणजे सुमारे साडेतीन मैल. असे पानामागून पान.

हे वाचणाऱ्यास प्रथम कंटाळा येईल. परंतु ज्याने कधी गावकीचा हिशेब ठेवला आहे त्यास ह्या कोरड्या नोंदींचे मर्म तत्काळ समजेल. कर भरणारे पुरुष इतके, असे लिहिले की अंमलदारास त्याहून अधिक माणसांचा कर वसूल करणे अवघड जाते. कारखान्याचे नाव लिहिले की तेथे कोण राबतो हे विचारता येते. धर्मगुरूचे वेतन लिहिले की लोकांकडून वर काही उकळल्यास ते उघडे पडते. 1585 नंतरच्या काही वर्षांत पेरूमध्ये देवी आणि गोवर ह्यांच्या साथी पसरून अपार माणसे मेली. अशा वेळी मेलेल्यांचा करही जिवंतांवर बसतो. कोणत्या गावात किती माणसे उरली हे स्वतः जाऊन लिहून आणणारा मनुष्य म्हणूनच अनेकांस नकोसा झाला असला पाहिजे.

आता ती तक्रार. 1590 मध्ये नवा व्हाइसरॉय गार्सिया उर्तादो दे मेंदोसा लिमास आला. आर्चबिशप स्वागतास नव्हते. ते डोंगरांत होते. व्हाइसरॉयने राजा दुसरा फिलिप ह्यास कळविले त्याचा आशय असा की, आर्चबिशपांस आपण अद्याप पाहिलेले नाही; धर्मभेटीच्या नावाखाली ते सदा बाहेरच असतात; आणि ते व त्यांचे नोकर डोंगरी लोकांत हिंडून त्या गरिबांच्या पदरी जे थोडेथोडके असते तेही खाऊन टाकतात. राजाकडून आर्चबिशपांस पत्र आले की, असे बाहेर पडणे होईल तितके टाळावे.

तक्रार करणाऱ्याचा हेतू शुद्ध होता असे आम्हांस वाटत नाही. ह्याच व्हाइसरॉयने, आर्चबिशपांनी 1590 च्या सुमारास धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी उघडलेल्या सेमिनरीच्या दारावरील त्यांचे चिन्ह काढविले, आणि तेथे राजाचे चिन्ह हवे असा वाद घातला. शहरातील समारंभांत आर्चबिशपांची खुर्ची रिकामी दिसते ह्याचे शल्य त्यास अधिक असावे. तथापि हेतू कसाही असला तरी आरोप म्हणून तो तपासण्याजोगा आहे, कारण गरिबाचे अन्न खाणारे पाहुणे त्या डोंगरांत नवे नव्हते. अंमलदार येई तोही तपासणीसच. जहागीरदाराचा कारभारी येई तोही चौकशीसच. गावकऱ्यास तिघांच्या खेचरांस लागणारा चारा सारखाच!

पुढे संतपदासाठी चौकशी झाली तेव्हा साक्षीदारांनी सांगितले की, आर्चबिशप वाटेत घेतलेल्या वस्तूंची किंमत देत आणि भेटीदाखल काही स्वीकारीत नसत. ते आम्ही खरे मानतो. तरीही मनात एक शंका राहते, आणि ती येथे लिहून ठेवणे आम्हांस उचित वाटते. ज्या गावात दाणा मोजका, तेथे पैसे देऊन घेतलेला दाणाही कमी होतोच. रुपये खाता येत नाहीत. म्हणून त्रेंतच्या नियमातील ते दुसरे अर्धे, थोडी माणसे न्यावी आणि लवकर आटोपावे, हे केवळ शिष्टाचाराचे वाक्य नव्हे. सहा-सात वर्षे चाललेल्या भेटीने ते पाळले काय? एकेका गावी फार दिवस मुक्काम होत नसे, हे गावांच्या संख्येवरूनच उघड आहे. ओझे वाहणारी माणसे मात्र गावांतूनच मिळत असली पाहिजेत, आणि त्यांची नावे कोठे नाहीत.

राजाच्या पत्रानंतरही आर्चबिशप थांबले नाहीत, हे आपण पाहिलेच. 1593 मध्ये ते पुन्हा निघाले. राजाज्ञेचा मान त्यांनी शब्दांत ठेवला आणि कृतीत महासभेचा नियम पाळला. आम्हांस त्यांचे म्हणणे पटते. शहरात बसून डोंगराची हकीकत ज्यांच्याकडून मागवावयाची तेच व्यापार करणारे, तेच वेठीस धरणारे. त्यांच्या कागदावर विश्वासून सही करणे सोपे होते. आधीचे कोणी गेलेच नसते तर वहीत कोणत्या गावी किती माणसे हे लिहिले गेले असते ते त्याच लोकांच्या हिशेबाने.

त्यांच्या काळाची जी मर्यादा होती तीही सांगितली पाहिजे. डोंगरी लोक लिहिण्याऐवजी दोऱ्यांस गाठी मारून हिशेब व आठवणी जपत. ह्या दोऱ्यांस किपू म्हणतात. फादर आकोस्ता सांगतात की, एक बाई आपल्या सर्व आयुष्याचे पापनिवेदन अशा दोऱ्यांच्या जुडग्यात गाठून घेऊन आली होती. गाठीवर बोट ठेवून ती एकेक पाप सांगे. इतकी सुंदर वस्तू! आणि तरी त्याच तिसऱ्या धर्मसभेने, जुन्या देवधर्माशी संबंध असलेले किपू काढून घेऊन नष्ट करावे असा ठराव केला. कोणत्या गाठीत पूजाविधी होता आणि कोणत्या गाठीत मेंढरांची मोजदाद, हे जाळणारास ओळखता येत नव्हते. किती इतिहास त्या आगीत गेला असेल!

दुसरी मर्यादा ह्याहून जड. 1567 साली भरलेल्या लिमाच्या दुसऱ्या धर्मसभेने, मूळ रहिवाशांस तूर्त धर्मगुरूपदाची दीक्षा देऊ नये असे ठरविले होते. तोरिबियो ह्यांच्या पंचवीस वर्षांतही ते दार डोंगरी लोकांस उघडले नाही. लोकांच्या भाषेत बोलणारा गुरू हवा हे मानले गेले. लोकांमधलाच गुरू हवा, हे नाही. ह्या बाबतीत आपला देश सर्वस्वी निर्दोष होता असे नव्हे, परंतु दिवाडी बेटावरचे माथेउस दे कास्त्रो 1637 मध्ये बिशप झाले, आणि 1739 मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर परदेशी धर्मगुरू निघून गेले तेव्हा आपली देवमंदिरे ज्यांनी राखली ते येथल्याच मातीतले पाद्री होते. ते नसते तर आमच्या हाती चाळावयास ह्या वह्याही आल्या नसत्या.

धर्मभेटीत आर्चबिशप एक काम असे करीत की जे इतरत्र क्वचितच झाले असेल. प्रांतातील धर्मगुरूंची सभा भरवावयाची ती लिमातच भरवावी असा त्यांचा आग्रह नव्हता. जेथे असत तेथेच ते ती बोलावीत. अशा निदान दहा सभा त्यांनी घेतल्या. 1585 सालची सभा युंगाय ह्या डोंगरी गावी झाली. राजधानीतील पंडितांस गावकऱ्यांचा विचार करण्यासाठी गावातच यावे लागले, ह्याचे आम्हांस विशेष वाटते. युंगाय हे गाव हुआस्कारान नावाच्या 22,200 फूट उंचीच्या हिमशिखराच्या पायथ्याशी होते. होते असे म्हणण्याचे कारण, 31 मे 1970 रोजी मोठा भूकंप होऊन त्या शिखराचा बर्फ व खडक सुटला, आणि काही मिनिटांत सारे गाव हजारो माणसांसह गाडले गेले. टेकडीवरील कबरस्थानात धावत चढलेली सुमारे नव्वद माणसे वाचली; ख्रिस्ताचा पुतळा तेथे अद्याप उभा आहे. चौकातील चार ताडांचे शेंडे तेवढे चिखलावर राहिले होते. नवे युंगाय जवळच वसविले आहे.

दुसऱ्या भेटीतील एक प्रसंग पेरूमध्ये सर्वांस ठाऊक आहे. 1597 मध्ये लिमाच्या वरच्या डोंगरातील किवेस ह्या गावी आर्चबिशप आले. तेथे गास्पार फ्लोरेस नावाचा स्पॅनिश मनुष्य खाणीच्या कामावर होता. त्याची अकरा वर्षांची मुलगी इसाबेल दृढीकरणास उभी राहिली. घरी तिला लाडाने रोझा म्हणत. आर्चबिशपांनी संस्कारात तिला तेच नाव दिले अशी परंपरा आहे. हीच लिमाची संत रोझा. तिला 1671 मध्ये संतपद मिळाले, अमेरिका खंडातील ती पहिली संत. तिला नाव देणाऱ्या आर्चबिशपांस ते 1726 पर्यंत मिळाले नाही. शिष्या गुरूच्या पंचावन्न वर्षे पुढे गेली.

शेवटच्या भेटीस निघाले तेव्हा आर्चबिशप सहासष्ट वर्षांचे होते. किनाऱ्याच्या उत्तर भागात फिरत असता त्यांस ताप भरला. सान्या नावाच्या गावी त्यांस आणले, आणि तेथे 23 मार्च 1606 रोजी, पवित्र गुरुवारी, त्यांनी देह ठेवला. परंपरा अशी की, अखेरच्या घटकेस त्यांनी ऑगस्टिनसंघीय मठाच्या प्रमुखास वीणेसारखे हार्प नावाचे वाद्य वाजवून स्तोत्र गावयास सांगितले. लिमाच्या प्रासादात मरण आले असते तर घंटा, मानकरी, सेनापती सर्व काही असते. येथे वाद्य वाजविणारा एक मठवासी आणि वाटेतले सोबती एवढेच होते. सान्याही पुढे उरले नाही. 1720 च्या मार्च महिन्यात नदीस पूर येऊन ते गाव वाहून गेले व लोकांनी ते सोडले. आता तेथे मठांच्या पडक्या कमानी आहेत, आणि शेजारी लहानसे खेडे.

1607 मध्ये त्यांचा देह लिमास नेण्यात आला. तोही त्याच वाटेने गेला, गावोगाव मुक्काम करीत. त्यांस 1679 मध्ये धन्य म्हणून आणि 1726 मध्ये पोप तेरावे बेनेडिक्ट ह्यांनी संत म्हणून जाहीर केले. 1983 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांस लॅटिन अमेरिकेतील बिशपांचे आश्रयदाते ठरविले. त्यांचा सण 23 मार्च रोजी येतो. उपासकाळात पडत असल्याने आपल्याकडे तो बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.